खोक्यातली अमानत

तळहातापेक्षा थोडा लांब असा प्लॅस्टिकचा डबा. वरच्या अर्ध्या भागात राखाडी काच, खाली डाव्या-उजव्या अंगठ्यांसाठी बटणं, पाठीमागे झाकण आणि झाकणाखाली दोन पेन्सिल सेल. पुठ्ठ्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘ब्रिक गेम’ आणि त्याखाली ‘९९९९ इन १’. आमच्या दुकानात आम्ही त्याला ब्रिकगेम म्हणत असू. डोंगरातली मुलं नुसतं ‘गेम’ म्हणायची आणि त्यांची आजी-आजोबा मंडळी ‘टुकटुक’. मोबाईलवरच्या खेळांत बुडालेल्या आजच्या मुलांपुढे त्याचं कौतुक करणं म्हणजे विमानतळावर उभं राहून बैलगाडीच्या गोष्टी सांगणं. तरीही हा लेख त्याच डब्याविषयी आहे, कारण त्यातले सतरा डबे गेल्या काही वर्षांत आमच्या घरात मोठा पेच होऊन बसले होते.

आमचं दुकान अक्कलकुव्यात. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. त्याआधी आम्ही धुळे जिल्ह्यातले. गुजरातची हद्द हाकेच्या अंतरावर. घरात आम्ही खानदेशी वळणाची उर्दू बोलायचो, शाळेत मराठी, गल्लीत अहिराणी आणि गुजराती, आणि दुकानाच्या उंबऱ्यावर गिऱ्हाईक आलं की भिलोरी. यातली कुठली भाषा आपली आणि कुठली परकी, असा प्रश्न लहानपणी आम्हाला पडला नाही. अब्बांचा धंदा कटलरीचा: मणी, आरसे, कंगवे, रिबिनी, टॉर्च, कंदिलाच्या काचा, हातघड्याळं, रेडिओ. आठवडाभर दुकान आणि बाजाराच्या दिवशी देवगोईचा घाट चढून मोलगी. उन्हाळ्यात डोंगरातले लोक आमचूर, चारोळी, महू, डिंक घेऊन खाली यायचे आणि जाताना मीठ, तेल, कापड न्यायचे. त्या देण्याघेण्याच्या फटीत आमचे मणी आणि आरसे खपत. फार मोठी कमाई नव्हती, पण अब्बा म्हणत तशी बरकत होती.

वर्षातला सगळ्यांत मोठा बाजार मात्र काठीच्या होळीचा. वाचकांपैकी कुणी सातपुड्यात फिरले असतील त्यांना काठी ठाऊक असेल. अक्कलकुवा तालुक्यातलं डोंगरातलं गाव, जुन्या मेवासी संस्थानांपैकी एक. इथली राजवाडी होळी १२४६ सालापासून चालत आली आहे असं सांगितलं जातं. सालाचा हिशेब कुणी कसा लावला ते सोडून देऊ. होळी मात्र जुनी आहे यात शंका नाही. जंगलातून आणलेला उंचच उंच बांबू, त्यासाठी हातांनी उकरलेला खड्डा, अंगावर राखेचे आणि पिठाचे ठिपके काढलेले बावा आणि बुध्या, डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं आणि वाळलेले भोपळे. हे नवसाचे लोक त्या दिवसांत बाजेवर निजत नाहीत, कडक पथ्यं पाळतात. रात्रभर ढोल आणि पहाटे होळी पेटते. रात्रभर जागणारी माणसं म्हणजे रात्रभर उघडं दुकान. जिलेबी, दाळ्या, खजूर, साखरेचे हार-कंगण यांच्या रांगेत शेवटी आमची ताडपत्री असायची.

त्या ताडपत्रीवर ब्रिकगेम पहिल्यांदा मांडला तो १९९५ च्या होळीला. अब्बा वर्षातून दोन-तीनदा मुंबईला अब्दुल रहमान स्ट्रीटवर माल भरायला जात. तिथल्या एका व्यापाऱ्याने टॉर्चच्या पेटीबरोबर एक डझन ब्रिकगेम जवळजवळ गळ्यात मारले. अब्बा घरी येऊन अम्मींना म्हणाले, “चीन का माल है, चलेगा तो चलेगा.” आम्ही तिघं भाऊ. थोरले भाईजान तेव्हा विशीत, आम्ही दहावीत आणि धाकटे प्राथमिक शाळेत. रात्री दुकान बंद झाल्यावर पहिला सेल टाकला आणि त्या डब्यातून जी पिरपिरी धून वाजली ती आजही आमच्यापैकी कुणालाही शीळ घालून म्हणता येते.

आता ‘९९९९’ या आकड्याविषयी. भाईजानांनी दोन रात्री बसून त्याचा हिशेब लावला होता. वरून ठोकळे पडण्याचा खेळ, रणगाड्यांचा, मोटारींच्या शर्यतीचा, सापाचा, भिंत फोडण्याचा, रस्ता ओलांडणाऱ्या बेडकाचा. असे मूळ खेळ बोटांवर मोजण्याइतके. मग त्यालाच वेग वेगळा, सुरुवातीची पातळी वेगळी, तोच खेळ उलट्या बाजूने, असं करत करत आकडा फुगवलेला. गिऱ्हाइकाने विचारलं की “शेठ, खरंच इतके खेळ?” तर अब्बा म्हणायचे, “इतकं खोक्यावर लिहिलंय. आम्ही वीसपर्यंत मोजलेत.” व्यापाऱ्याने असं उत्तर देणं धंद्याच्या दृष्टीने बरं नव्हतं, पण त्यांच्या या उत्तरामुळेच माल जास्त खपत असावा असा आमचा कयास आहे.

हा डबा ज्याची नक्कल होता ती गोष्ट आम्हाला खूप नंतर कळली. ठोकळ्यांचा मूळ खेळ, टेट्रिस, १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी तयार केला. ते सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात नोकरीला होते. त्यांच्याकडच्या यंत्राला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून त्यांनी कंसाच्या खुणा वापरून ठोकळे उभे केले. चार चौकोन जोडून होणारे सात आकार, एवढंच भांडवल. खेळ जगभर गेला, पण हक्क सरकारकडे असल्यामुळे पाजित्नोव यांना १९९६ पर्यंत त्याचं मानधन मिळालं नाही. म्हणजे काठीच्या होळीत आमच्या गल्ल्यात त्या खेळाचे पैसे पडायला लागले तेव्हा खेळ बनवणारा माणूस अजून रिकाम्या हातानेच होता. आमच्या डब्यांमधून तर त्यांना कधीच काही गेलं नसणार. ते डबे कुणाला विचारून बनवलेलेच नव्हते.

दुसरा माणूस जपानचा, गुनपेई योकोई. निन्टेंडो ही मूळची पत्ते बनवणारी कंपनी, आणि योकोई १९६५ साली तिथे यंत्रांची देखभाल करायला लागले होते. आगगाडीत एक कंटाळलेला कारकून कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला त्यांनी पाहिला आणि त्यातून खिशात मावणाऱ्या खेळाची कल्पना सुचली, असं सांगतात. १९८० साली ‘गेम अँड वॉच’ आणि २१ एप्रिल १९८९ रोजी जपानात ‘गेम बॉय’. योकोईंचं म्हणणं असं की नवं, महागडं तंत्र वापरू नका; जे जुनं होऊन स्वस्त झालंय, ज्याचे गुणदोष सगळ्यांना माहीत झालेत, ते नव्या कामाला लावा. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी रंगीत, उजेडाचे पडदे काढले आणि त्यांचे सहा-सहा सेल चार-पाच तासांत संपत. गेम बॉयचा हिरवट, बिनउजेडाचा पडदा चार सेलवर कितीतरी जास्त चालायचा. गेम बॉय आणि त्याचा नंतरचा रंगीत भाऊ मिळून जगात ११ कोटी ८६ लाखांहून जास्त खपले. योकोई १९९७ साली रस्त्यावरच्या अपघातात गेले. आम्ही गेम बॉय हातात कधी धरला नाही. आमच्याकडे आली ती त्याच्या विचाराची अगदी तळाची आवृत्ती. पण सेलची किंमत काय असते हे ज्याला कळलं त्याने अक्कलकुव्याच्या बाजारात एक दिवस तरी काढला असावा, असं आम्हाला वाटतं.

कारण आमच्या भागात खेळापेक्षा सेल महाग पडत. ब्रिकगेम दीडशेला एकदा घेतला की घेतला. ती काही दिवसांची मजुरी. पण सेल पुन्हा पुन्हा लागणार. वरच्या पाड्यांवर तेव्हा वीज नव्हती. सेलांचं तिथे एक वेगळंच आयुष्य असे. नवे सेल आधी टॉर्चमध्ये किंवा गेममध्ये. आवाज बसका झाला, आकडे फिके पडले की ते काढून रेडिओत. रेडिओही घोगरा झाला की घड्याळात, कारण घड्याळाला फार कमी लागतं. मध्ये एकदोनदा उन्हात वाळवायचे किंवा दाताने दाबून बघायचे. एका सेलातून इतकं काम काढणारं गिऱ्हाईक आम्ही दुसरीकडे पाहिलं नाही. भाईजान दोन सेल विकताना सांगत, “गेम बंद करून झोपा, नाहीतर सकाळी घड्याळ पण बंद.”

आणि तो बिनउजेडाचा पडदा! दिवसा उन्हात झकास दिसायचा. अंधार पडला की नुसती राखाडी काच. काठीच्या होळीत म्हणून आमच्या गॅसबत्तीखाली गर्दी. पोरं एक रुपया देऊन एक डाव खेळत. हा रुपयाचा धंदा भाईजानांचा. अब्बांना तो पसंत नव्हता. बत्तीच्या फिरत्या सावल्यांत पडणारा ठोकळा नेमका दिसावा म्हणून मुलं डबा तिरका धरायची, मान वाकडी करायची. फाल्गुनी पौर्णिमा असते, त्यामुळे काही जण बत्तीचा नाद सोडून सरळ चांदण्यात जाऊन बसत. एकजण खेळतोय आणि सातजण त्याच्या खांद्यावरून बघताहेत. उभा लांब ठोकळा येण्याची वाट बघताना सगळ्यांचा श्वास अडकलेला. तो आला, चार ओळी एकदम गेल्या, की असा ओरडा उठायचा की शेजारचा जिलेबीवाला कढई सोडून बघायला यायचा. तिकडे ढोल, इकडे ही टुकटुक. खेळ मध्येच थांबवला की काचेच्या कोपऱ्यात चहाचा कप उमटायचा. पोरं त्याला हसत, “गेमला पण चहा लागतो.”

त्या पोरांचे हात आमच्यापेक्षा चपळ होते, हे कबूल करायला हवं. शहरात गेम खेळणारी मुलं पुढे आम्ही खूप पाहिली, पण गोफण आणि तीरकामठा हाताळलेल्या बोटांनी दहा बाय वीस चौकोनांच्या त्या जागेत जी जुळवाजुळव केली ती बघण्यासारखी होती. एक मुलगा, असेल बारा-तेरा वर्षांचा, एका रुपयात इतका वेळ खेळायचा की भाईजान वैतागून म्हणाले, “तुला मी रुपया देतो, पण दुसऱ्याला बसू दे.” तेव्हा आमची सगळ्यांची समजूत अशी की या खेळाला शेवट नाही, वेग वाढत जातो आणि माणूसच हरतो. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका तेरा वर्षांच्या मुलाने निन्टेंडोवरचा टेट्रिस खेळत खेळत यंत्रच गोठवलं, अशी बातमी आली. आम्हाला काठीचा तो मुलगा आठवला. त्याला दुपारभर उजेड आणि पोतंभर सेल मिळाले असते तर?

घरात या खेळाला सगळ्यांची मान्यता होती असं नाही. मशिदीतले बुजुर्ग म्हणत, वक्त जाया करणारी चीज आहे. अब्बांचंही मत फारसं वेगळं नव्हतं. पण ते म्हणत की आरसाही वक्त जाया करतो आणि तो आपण तीस वर्षं विकतोय. त्यांनी एकच शर्त घातली: अजान झाली की गेम बंद. रमजानच्या रात्री तरावीहनंतर दुकानाच्या फळीवर बसून आम्ही खेळायचो आणि सर्वांत जास्त आकडा कुणाचा ते भिंतीवर खडूने लिहायचो. वरचा आकडा बहुतेक वेळा अम्मींचा असे. हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, अशी ताकीद होती. आता त्या ऐंशीच्या घरात आहेत आणि स्वतःच सांगतात, म्हणून लिहितो आहोत.

भाईजानांचा खरा जीव दुरुस्तीत होता. दुकानाच्या कोपऱ्यात त्यांचं टेबल: बारीक पेचकस, कैया, स्पिरिटची बाटली, घड्याळजीची भिंगाची काच. ब्रिकगेम बिघडण्याचे ठरलेले प्रकार होते. सेल गळून पत्र्याला हिरवा गंज चढला, तर पॉलिश पेपर. बटण लागत नसलं तर त्याखालच्या रबराचा काळा थर झिजलेला. भाईजान तिथे सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गोल कापून चिकटवत. घरात सिगारेट ओढणारं कुणी नाही, म्हणून पानाच्या टपरीवरून रिकामी पाकिटं आणायचं काम धाकट्यांचं. काचेवरच्या एक-दोन ओळी दिसेनाशा झाल्या तर काच आणि पाटी यांच्यामधली रबराची पट्टी सैल झालेली. ती पुसून, मागे कागदाची घडी सारून आवळायची. पण पाटीवरचा तो डांबरासारखा काळा ठिपका, ज्याच्या पोटात सगळा मेंदू असतो, तो गेला की काही इलाज नाही. “काला टीका गया,” एवढंच भाईजान म्हणत आणि गिऱ्हाइकाकडून पैसे घेत नसत.

दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक डब्याची वहीत नोंद असे. नाव, गाव, बिघाड, ठरलेले पैसे. त्याच आकड्याची चिठ्ठी डब्याला दोऱ्याने बांधायची. डोंगरातून आलेला माणूस परत कधी येईल याचा नेम नसतो. पावसाळ्यात वाटा बंद. दिवाळीनंतर अर्धे पाडे ऊसतोडीला गुजरातेत. नर्मदेच्या काठावरची गावं धरणात गेली आणि तिथली काही कुटुंबं सरकारने नेली तिकडे, लांब वसाहतींत. कुणी सहा महिन्यांनी येई, कुणी दोन वर्षांनी. “आमचा गेम?” असं विचारलं की भाईजान वही उघडत आणि डबा काढून देत. दोन वर्षं ठेवल्याचं भाडं वगैरे काही नाही. आज कुठलं दुकान असं करील?

मग मोबाईल आला. २००३ साली नोकियाचा ११०० निघाला: टॉर्च त्यातच, घड्याळ त्यातच, साप त्यातच. आमची तीन प्रकारची विक्री एका डबीने गिळली. पुढे टॉवर घाट चढून वर गेले, मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचा धंदा आला आणि २०१६ नंतर तर फुकटातल्या नेटमुळे सगळंच चित्र पालटलं. ब्रिकगेमचा शेवटचा डझन आम्ही बहुधा २००७ मध्ये भरला. अब्बा २०१२ ला अल्लाला प्यारे झाले. भाईजानांनी दुकान मोबाईल दुरुस्तीचं केलं, पण कोपऱ्यातल्या टेबलाखालचं ते खोकं तसंच राहिलं. आम्ही नोकरीच्या निमित्ताने नाशिकला, धाकटे सुरतेला. ईदला जमलो की भाईजान एखादा डबा काढून सेल घालत आणि अम्मींपुढे धरत.

एप्रिल २०२१ मध्ये भाईजान गेले. त्या लाटेत ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांना अधिक सांगायची गरज नाही. जनाज्याला आम्ही वेळेवर पोचू शकलो नाही.

दुकान चालवणारं कुणी उरलं नाही. भाभी आणि मुलं यांची सोय लागावी म्हणून दुकान विकायचं ठरलं आणि २०२४ च्या शेवटी मालाची वाटणी करायला आम्ही दोघे भाऊ बसलो. काउंटर, कपाटं, मोबाईलचे सुटे भाग यांची किंमत करायला अर्धा दिवस पुरला. मग टेबलाखालचं खोकं निघालं. आत एकेक चिठ्ठी बांधलेले सतरा ब्रिकगेम आणि तळाशी ती वही. धाकट्यांच्या मुलाने फोनवर लगेच शोधून दाखवलं की असले डबे हल्ली ‘रेट्रो’ म्हणून ऑनलाइन विकतात, आणि जुन्या मूळ डब्यांना हौशी लोक पैसे देतात. धाकटे म्हणाले, “भाभींना तेवढेच चार पैसे.” बोलणं चुकीचं नव्हतं. वीस-पंचवीस वर्षांत न्यायला आलं नाही ते आता कोण येणार?

अम्मी पलंगावरूनच म्हणाल्या, “अमानत है. वाटणी में नहीं आती.”

एवढ्यावर गप्प बसणारे आमचे बंधू नव्हेत. त्यांनी मुद्दा काढला की अमानत ठेवणारा गेला, ज्यांची होती तेही कुठे असतील ठाऊक नाही. एका डब्याची किंमत आज काय, आणि तो पोचवायला डोंगरात जाण्याचा खर्च काय. आम्हीही मनातून त्यांच्याच बाजूचे. भाभी तोवर काही बोलल्या नव्हत्या. त्या उठल्या, वही उघडून बघितली आणि म्हणाल्या, “ह्यांच्या नावावर सतरा माणसांचं देणं आहे. ते ठेवून मी दुकानाचे पैसे कसे घेऊ?” दुकानावरच्या बँकेच्या कर्जाविषयी त्यांनी एका शब्दानेही विचारलं नव्हतं. वाटणी तिथेच थांबली.

सतरा नोंदी अशा: काठीच्या चार, मोलगीच्या पाच, भगदरीच्या तीन, डाबच्या दोन आणि तीन नोंदींत गाव नाही, नुसतं नाव. भाईजानांचं अक्षर मराठी, मध्येच उर्दूत एखादा शेरा. एका नावापुढे ‘लंबा, हँसमुख’. दुसऱ्यापुढे ‘बहन के साथ आया था’. अशा खुणांवरून माणूस शोधायचा कसा? अम्मींनीच सुचवलं: होळीला जा. त्या डोंगरातलं माणूस कुठेही असलं तरी काठीला येतं.

२०२५ ची होळी १३ मार्चच्या रात्री होती आणि रमजान २ मार्चला सुरू झाला होता. चांद्र वर्ष दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकतं, त्यामुळे तेहेतीसेक वर्षांनी रमजान फिरून त्याच ऋतूत येतो. १९९२ आणि १९९३ लाही काठीची होळी रमजानात आली होती. तेव्हा अब्बांनी ताडपत्रीवर रोजा सोडलेला आणि शेजारच्या दुकानदाराने, जो स्वतः होळीचा नवस पाळत होता, पाण्याची कळशी आणून दिलेली आम्हाला आठवते. दोघांचाही उपास, वेगवेगळा. या खेपेला दुसऱ्या दिवशी जुमा येत होता आणि होळी आणि जुमा एका दिवशी, यावर टीव्हीवाल्यांनी आठवडाभर नुसता गलका मांडला होता. घाट चढताना जीपमध्ये आमच्याशेजारी अंगाला राख लावायची तयारी करून निघालेली पोरं बसली होती. त्यांच्या मोबाईलवर गाणी चालू होती, बातम्या नव्हत्या.

त्याआधी महिनाभर भाईजानांच्या मोठ्या मुलाने ते सतराही डबे उघडून बघितले. वडिलांची हत्यारं त्यानेच ठेवून घेतली होती. नऊ चालू झाले. पाचांत पाटीच गेलेली, तीनमध्ये काला टीका. जे चालू झाले त्यांत नवे सेल घातले. जे नाही झाले तेही पुसून, चिठ्ठीसकट पिशवीत घेतले. अमानत चालू हालतीत परत द्यावी असं काही नाही. परत द्यावी एवढंच आहे.

काठीत आता विजेचे दिवे आहेत, ड्रोन फिरतात, लांबून लांबून फोटो काढणारे येतात. आमची ताडपत्री जिथे असायची तिथे मोबाईलच्या कव्हरांचं दुकान होतं. इफ्तारनंतर त्याच दुकानदाराकडे कोपरा मागितला, पुठ्ठ्यावर सतरा नावं मोठ्या अक्षरांत लिहिली आणि डबे मांडून बसलो. पुतण्या एक डबा चालू करून हातात धरून उभा राहिला. ती पिरपिरी धून ऐकून पहिली गर्दी झाली ती पस्तिशी-चाळिशीच्या बाप्यांची. प्रत्येकाला खेळून बघायचं होतं. नावं वाचून ते आपसांत भिलोरीत बोलायला लागले: हा अमक्याचा भाऊ, हा वारला, हा तळोद्याला असतो, हा आलाय, वर नाचतोय, थांबा बोलावतो.

पहाटेपर्यंत सहा डबे गेले. एकाचा मालक वारला होता. मुलगा आला, त्याने बापाचं नाव चिठ्ठीवर वाचलं, पुन्हा वाचलं आणि डबा न उघडता छातीशी धरून गेला. त्याचा डबा बंदच होता. एकजण आता आश्रमशाळेत शिक्षक आहेत. त्यांनी गेम घेतला आणि उभ्या उभ्या आमच्यासमोर एक पूर्ण डाव खेळले, बायको हाका मारत होती तरी. ‘बहन के साथ आया था’ या शेऱ्याची ती बहीण भेटली, पण भाऊ ऊसतोडीला गेला तो परत आलेला नाही, बारा वर्षं झाली. डबा घेऊ की नको, असं तिला सुचेना. शेवटी म्हणाली, “तुमच्याकडेच राहू द्या. तो आला तर तुमच्याकडे येईल.” तो डबा पिशवीत परत गेला. सहामध्ये तो धरलेला नाही.

‘लंबा, हँसमुख’ म्हणजे कोण ते आम्हाला आधी कळलं नाही. अंगभर पांढरे ठिपके, कमरेला घुंगरं, डोक्यावर टोप, अशा बुध्याच्या वेशात एक उंच माणूस गर्दी सारत आला आणि आमच्याकडे न बघता डब्यांच्या रांगेकडे बघत राहिला. मग बोटाने दाखवलं: तो. चिठ्ठी सोडून बघितली तर नाव बरोबर. वहीत नोंद होती: बटण, चांदीचा कागद लावला, बाकी रु. १५. त्याने भाईजानांची चौकशी केली. आम्ही सांगितलं. तो काही वेळ नुसता उभा राहिला; घुंगरं जराही वाजली नाहीत. मग शेजारच्या पोराकडून पंधरा रुपये मागून घेतले आणि आमच्यापुढे धरले. आम्ही नको म्हणालो. तो म्हणाला, “शेठ, तेव्हा ठरलं होतं.”

तेवढ्यात तिकडे होळी पेटली. सगळी गर्दी तिकडे धावली, तोही गेला, डबा त्या वेशात ठेवायला जागा नव्हती म्हणून पोराच्या हातात देऊन. सहरीची वेळ संपत आली होती. पुतण्याने पिशवीतून खजूर आणि पाणी काढलं.

पंधरा रुपये अम्मींच्या हातात दिले. त्यांनी ते भाभींना दिले. भाभींनी वही मागवली, पेन मागवलं आणि त्या ओळीवर आडवी रेघ मारली. दुकानाचं खरेदीखत मे महिन्यात झालं. खोकं आता भाभींच्या घरी कपाटावर आहे, त्यात अकरा डबे आहेत. मोलगीच्या तीन नावांचा पत्ता लागला आहे. पावसाआधी पुतण्या घाट चढून जाणार होता, पण त्यातल्या एका डब्याची काच पुन्हा ओळी गाळायला लागली आहे आणि ती रबराची पट्टी बसल्याशिवाय तो न्यायचा नाही असं त्याने ठरवलं आहे.